खिशातले खडे

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज कळलं. दोन वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून.

कारण तरी काय — अंगणातली बादली. मी त्यात खडे भिजत घातले होते आणि धोंडुबाईंना कपड्यांसाठी तीच बादली हवी होती. थोरली जाऊ माझी, तोंडाने फटकळ. "घरात माणूस नाय आणि ही दगडं न्हाऊ घालतेय" — हे रोजचंच. मीही रोजच्यासारखं म्हटलं, "तुमच्या म्हशीपेक्षा कमी खातात." एरवी यावर त्या हसतात. आज हसल्या नाहीत. उन्हातून आल्या होत्या, चिडलेल्या होत्या.

"खिशात खडे भरून गेला तो," म्हणाल्या, "आणि तू अजून खडेच गोळा कर."

एवढं बोलल्या. बादली न घेताच आत गेल्या. दार लावून घेतलं. भर दुपारी आमच्याकडे कुणी दार लावत नाही.

कुठले खडे? ह्यांचा पाय घसरला होता. खाणीच्या पाण्यात पडले. पोलिसांच्या कागदातही तसंच लिहिलंय. मी स्वतः वाचलंय.

१३ जानेवारी

भावोजींना विचारलं. हैबतराव — ह्यांचे थोरले भाऊ, धोंडुबाईंचे मालक. ह्यांना पाण्यातून वर काढलं ते त्यांनीच, गावातल्या चौघांना घेऊन. गोठ्यात धार काढत होते. मी दाराशी उभी राहिले.

"पँटच्या दोन्ही खिशांत होते," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. "पोलीस यायच्या आधी मी काढले. नायतर कागदावर काय आलं असतं, तुला सांगायला नको."

"कसे होते?"

"खडे ते खडे. कसे असणार?"

"काळे भरीव होते, की आत पांढरं काही होतं? सुयांसारखं?"

त्यांनी दुधाची बादली उचलली. "कृष्णे, कान्हू गेला. आता खड्यांचं काय?"

खड्यांचंच तर आहे सगळं. त्यांना सांगता आलं नाही, इथे लिहिते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर राहील.

खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली. खड्ड्यात पाणी साठलंय. भिंतीत एक पायरी आहे, पाण्यापासून दोन पुरुष उंच. त्या पायरीच्या दगडालाच भोकं आहेत, आणि त्या भोकांतच खडे — सुया, फुलपाखरं. ही आमची घरची नावं. पुस्तकात सुयांना स्कोलेसाइट म्हणतात, फुलपाखरांना स्टिल्बाइट. खाली पाण्याच्या काठाला मात्र नुसता काळा भरीव दगड. खडी. एक भोक सापडायचं नाही.

म्हणजे खिशात सुयांचे खडे असतील, तर हे वरच्या पायरीवर गेले होते, गोळा करायला. तिथून घसरले. आणि काळे असतील, तर ते काठावर वाकून उचललेले. त्यांचा उपयोग एकच. माणूस वर येऊ नये म्हणून.

१४ जानेवारी

संक्रांत. सुरभीचा फोन, तिळगुळाचा. जोह्याला दिलीय तिला, जावयाचा — साईराजचा — गणपतींचा कारखाना आहे. मी सरळ विचारलं. बाबांच्या खिशात खडे होते, तुला ठाऊक होतं?

मागे रंगाचं मशीन चालू होतं. मग म्हणाली, "व्हय. साईराज होते ना तिकडे, त्यांना वर काढताना."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू आई? मुद्दाम सोडून गेले आपल्याला, असं सांगू?"

तिच्या घरात ह्यांचा फोटो नाही. मी विचारलं की म्हणायची, फ्रेम करायला टाकलाय. मला वाटायचं, कामाच्या धबडग्यात राहून जातंय. पोरगी बापावर रागावून बसलीय, हे मला आईला दिसलं नाही.

"शेवटच्या दिवाळीत मला म्हणाले होते," ती म्हणाली, "आता बघायला काय राहिलं नाय गो. मी हसण्यावारी नेलं."

फोन तिनेच ठेवला.

१५ जानेवारी

बघायला काय राहिलं नाय. हे वाक्य दिवसभर डोक्यात.

ह्यांचं बघणं म्हणजे काय, ते सुरभीला पुरतं ठाऊक नाही. हे खाणीत ड्रिल मशीनवर होते. सुरुंगासाठी भोक पाडायचं, धूळ उडवायची, दुसरं भोक पाडायचं. एकदा डब्यातून एक खडा आणला. जेवणाचा डबा, आमटीचा वास येत होता त्याला. आत तिळाएवढी पांढरी फुलं. म्हणाले, "हे काय असतं गो?" मला काय ठाऊक. सातवी झालेली बाई मी. रोह्याच्या वाचनालयात गेले आणि दगडांचं पुस्तक मागितलं. तिथला माणूस म्हणाला, पाककृतींचं कपाट पलीकडे आहे. मी म्हटलं, दगडांचंच पाहिजे, शिजवणार नाहीये.

तेव्हापासून ते शोधायचे आणि मी नाव लावायची. घड्याळवाल्याकडचं जुनं भिंग आणलं. काडेपेट्यांत खडे ठेवले. वर ठिकाण, कारण ठिकाण ठाऊक नसलं तर खड्याचं नाव अर्धंच, असं पुस्तकातच आहे. नखाने ओरखडा येतो का, तांब्याच्या पैशाने येतो का, मोत्यासारखं चमकतं की काचेसारखं — संध्याकाळ कशी जायची कळायचं नाही. आमच्यासारखी माणसं संध्याकाळी टीव्ही बघतात. आम्ही तीळ बघायचो.

खाण बंद झाल्यावर हे गप्प होत गेले. भिंग मागायचे नाहीत. मी दाखवलं तर बघायचे, पण "काय नाव?" असं विचारायचे नाहीत. तरी रविवारी खाणीवर जायचे. पिशवी घेऊन, हातोडी घेऊन. त्या रविवारीही गेले. पिशवी नंतर मिळाली नाही. पाण्यात असेल.

पिशवी होती, तर खिशात का?

१६ जानेवारी

भिंग हातात घेतलं नाही. भूक नाही.

१७ जानेवारी

धोंडुबाई माहेरी गेल्या, गडबला. जाताना माझ्या ओट्यावर वालाच्या भाजीची वाटी झाकून ठेवली. हाक मारली नाही. मीही बाहेर आले नाही. भाजी मांजराने खाल्ली असावी.

२० जानेवारी, सोमवार

खडे मिळाले.

धोंडुबाई सकाळच्या एसटीने परत आल्या. संध्याकाळी प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्या दारात. "घे. हेच ते. ह्यांनी गोठ्यामागे टाकून दिले होते. आता तू बघ, आणि काय ते एकदाचं समजून घे, आणि जेव. आरशात बघितलंस का तोंड?"

चार खडे. तीन लिंबाएवढे, एक थोडा मोठा. शेणामातीने माखलेले, काही म्हणता काही दिसत नाही. काळे की कसले, काही कळत नाही.

मी त्यांच्या पाया पडले. "उठ गो," म्हणाल्या, "दगडांसाठी पाया पडतेस? मी एवढं तुझं केलं तेव्हा नाय पडलीस." पण आवाज नेहमीचा नव्हता. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

चार खडे ताटात ठेवलेत. ताट माझ्यासमोर आहे. हात लावायला धीर होत नाही. ह्यांच्या अंगाला लागलेली शेवटची वस्तू ही.

२१ जानेवारी

फार मोठी चूक केली.

माती भिजून सुटायला दोन-तीन दिवस लागतात. मऊ ब्रश, सुई, साधं पाणी, सबुरी — मीच शिकवलं होतं ह्यांना. पण मला आजच बघायचं होतं. न्हाणीघरातलं ॲसिड काढलं. एक खडा काचेच्या बरणीत टाकला, वर ओतलं. माती भराभर सुटली. मला बरं वाटलं. शेजारच्या बाईने दळणासाठी हाक मारली म्हणून गेले. परत आले तर बरणीत खीर.

खीरच. साबुदाण्याची गार झालेली असते तशी, पांढरट, काडीला चिकटणारी. खड्याची भोकं रिकामी.

खाली बसले. मग पुस्तक काढलं, पानं ओल्या हाताने उलटली. तिथे लिहिलंय — कॅल्साइट ॲसिडमध्ये फसफसतं. काळ्या दगडाला लगेच काही होत नाही. आणि स्कोलेसाइटची खळ होते.

म्हणजे त्यात सुया होत्या. मीच मारल्या, पण होत्या.

रडू आलं ते कशाचं, मला सांगता येणार नाही.

२२ जानेवारी

एकाने काही सिद्ध होत नाही. तीन बाकी आहेत. ॲसिडची बाटली शेजारी देऊन टाकली. पाण्यात भिजत घातलेत. हात लावायचा नाही.

२५ जानेवारी

पाणी बदललं. चिखल वरवरचाच होता, ब्रश न लावता निघाला. भोकांत खोल गेलेलाच नाही. दोन पावसाळे गोठ्यामागे पडून, केवढं नशीब म्हणायचं.

२ फेब्रुवारी, रविवार

ऊन आलं तसं भिंग घेऊन दारात बसले. आधी मोठा खडा.

सुया. एका बिंदूपासून फुटलेल्या, पंखा उघडावा तशा. काही मोडलेल्या, बऱ्याच शाबूत. टोकाशी तिरक्या कापल्यासारख्या. बाजूला दोन फुलपाखरं, मधे चिमटलेली, मोत्यासारखी चमक. मी पुस्तकातली एकेक खूण बोट ठेवून वाचली. घाई नाही. दुसरा खडा — सुया. तिसरा — सुया, लहान.

एकही काळा भरीव नाही.

हे वरच्या पायरीवर गेले होते. गोळा करायला गेले होते. घरी यायचं होतं त्यांना. डब्यातून आणायचे तसं मला दाखवायला आणणार होते आणि पाय घसरला.

मी मोठ्याने म्हटलं ते. घरात ऐकायला कुणी नाही, तरी म्हटलं. मग भात टाकला आणि पोटभर जेवले.

३ फेब्रुवारी

धोंडुबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ. मी म्हटलं होतं ना." काहीच म्हटलं नव्हतं त्यांनी. भावोजींपुढे ताट धरलं. ते म्हणाले, "बरं झालं." खड्यांना हात लावला नाही. चप्पल घालून शेतावर गेले. मला वाटलं, भावाच्या आठवणीने.

९ फेब्रुवारी, रविवार

सुरभी आली, साईराज आले. सुरभीला दारातच बसवलं, उन्हात, भिंग हातात दिलं. लहानपणी द्यायचे तसं. "डोळा मिटू नकोस, दोन्ही उघडे ठेव." मी तिला पायरी सांगितली, काठ सांगितला, काळे आणि पांढरे सांगितले.

ती खूप वेळ बघत होती. मग भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "मी त्यांना काय काय बोललेय मनात. दोन वर्षं."

साईराज उठून अंगणात गेले. चांगला मुलगा आहे.

जाताना तिने ह्यांचा फोटो मागितला. भिंतीवरचाच काढून दिला. भिंतीवर चौकोन राहिलाय, बाकीच्या चुन्यापेक्षा पांढरा. राहू दे.

१० फेब्रुवारी

झोप लागली. उजाडल्यावर जाग आली.

१७ फेब्रुवारी

सुरभीने फोनवर फोटो पाठवला. ह्यांचा फोटो कारखान्यात लावलाय, मूर्ती रंगवतात त्या मांडणीच्या वर. साईराज म्हणाले, "मामा आता कामावर लक्ष ठेवतील, पोरं टंगळमंगळ करायची नाय."

हसले. आणि हसता हसता तो एक काटा पुन्हा टोचला. पिशवी होती, तर खिशात का? आणि सुया खिशात? ह्यांनी कधी सुयांचा खडा उघडा आणला नाही. तंबाखूची डबी, त्यात कापूस, कापसात खडा. सुई एवढी नाजूक की फुंकर जोराची लागली तरी मोडते. डबी पुढे धरून चालायचे, एसटीत मांडीवर ठेवायचे. धोंडुबाई म्हणायच्या, "अंडं उबवतोय का कान्हू?" असा माणूस चार खडे खिशात कोंबेल? एकमेकांवर घासत?

पायरीवर तोल जात असेल, हात मोकळे हवे असतील. घाईत कोंबले असतील.

असंच असेल. आता कशाला उकरायचं?

२२ फेब्रुवारी, शनिवार

पेणला गेले. प्रणिता सुरभीच्या वर्गातली, आता तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सुटल्यावर मायक्रोस्कोप बघू देते मला, मागेही दिलाय. खरं तर मला सुयांची टोकं नीट बघायची होती. नाव पक्कं करायचं होतं. त्यांची शेवटची काडेपेटी, नाव चुकून चालणार नाही.

नाव बरोबर आहे. प्रणितानेही बघितलं, आनंदाने बघितलं, आणि मग विचारलं, "मावशी, हा हिरवा थर कसला?"

"शेवाळ असेल. गोठ्यामागे होते."

"शेवाळ नाही हो. सुयांच्या खाली आहे. आधी हिरवं, त्यावर सुया वाढल्यात. तुमच्या खाणीत असतो असा?"

मी पुन्हा डोळा लावला. पातळ पापुद्रा, सुकलेल्या पुदिन्याच्या रंगाचा, भोकाच्या आतून सगळीकडे लिंपल्यासारखा. सुया त्यात मुळं रोवून उभ्या. भिंगाने मला तो दिसला होता. मी त्याला घाण समजले. मला घाणच हवी होती.

"आठवत नाही," म्हटलं.

आठवत होतं. घरच्या काडेपेट्यांत आमच्या खाणीचे चाळीसेक खडे आहेत, एकूण एक मला पाठ आहे, आणि त्यांना मी. आमच्या भोकांचं अस्तर तांबूस असतं. गंजासारखं. हिरवं कधी नाही.

एसटीत खडे मांडीवर घेऊन बसले.

२३ फेब्रुवारी

सगळ्या काडेपेट्या उघडल्या. तांबूस. तांबूस. काहींना अस्तरच नाही. हिरवा एकही नाही.

पण सगळी खाण आम्ही कुठे बघितली? एखादं भोक वेगळं असेल.

२ मार्च, रविवार

खाणीवर गेले. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच.

भावोजी मागोमाग आले. "एकटी जाऊ नको," एवढंच म्हणाले, आणि दहा पावलं मागे राहून चालत राहिले. पाणी हिरवं, स्थिर. कडेला कुणीतरी म्हशी धुतल्या होत्या. मला वाटलं होतं, जागा बघून माझं काहीतरी होईल. काही झालं नाही. मी दगड बघत होते.

वरच्या पायरीचा एक तुकडा गेल्या पावसाळ्यात ढासळलाय, उतारावर येऊन पडलाय. तिथे सगळी भोकं उघडी. मी गुडघ्यांवर बसून एकेक बघितलं. पाणी शिंपडून बघितलं. तांबूस. वर पायरीकडे मान मोडेपर्यंत बघितलं, भिंग काय कामाचं तिथे, पण रंग तर दिसतो. तांबूस पट्टाच आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भावोजी उन्हात उभे होते. म्हणाले, "तुला पाहिजे होतं ते मिळालं ना? पोरीला मिळालं. मग पुरे कर ना गो."

मी विचारलं, "भावोजी, ते खडे तुम्ही नक्की कुठे टाकले होते?"

"ती काय म्हणाली?"

"गोठ्यामागे."

"मग गोठ्यामागे."

परत येताना ते पुढे होते. मी मागे.

५ मार्च

सुरभी फोनवर आज बरंच बोलली. लहानपणी बाबांनी खांब गावच्या बाजारातून बर्फाचा गोळा आणला आणि घरी येईपर्यंत नुसती काडी उरली, ती गोष्ट. ती काडीही तिने चोखली होती म्हणे. दोन वर्षांत तिने बाबा हा शब्दसुद्धा काढला नव्हता. आता फोन ठेवत नाही.

मी हूं हूं करत राहिले.

१६ मार्च, रविवार

धोंडुबाईंच्या भावाने गडबला विहीर खणली, तिला पाणी लागलं, म्हणून आज जेवण होतं. मला येच म्हणाल्या. "घरात बसून दगडासारखी होशील." टेम्पोत त्यांच्याशेजारी बसवलं, सगळ्यांना सांगत होत्या, "ही माझी धाकटी जाऊ, इंग्रजी पुस्तक वाचते." टिंगल नव्हती त्यात. मला कळलं नव्हतं त्या असं सांगतात ते.

जेवणं झाल्यावर बायका विहीर बघायला गेल्या. खणताना निघालेला दगड बाजूला ढीग करून ठेवलाय. डिसेंबरपासून पडलाय, त्यांचा भाऊ म्हणाला, कुणी भरावासाठी नेत असेल तर न्या.

ढिगावर ऊन होतं. सगळा ढीग बारीक बारीक चमकत होता. मी वाकले, पहिला हाताला आला तो उचलला. भोकात हिरवा पापुद्रा, सुकलेल्या पुदिन्याच्या रंगाचा. त्यावर सुया.

दुसरा उचलला. तोही तसाच.

लांबून धोंडुबाई बघत होत्या. पानाचा विडा हातात, तोंडात घातला नव्हता. मी खडे खाली ठेवले, हात पदराला पुसले. "चला," म्हटलं, "टेम्पो थांबलाय."

१८ मार्च

सुरभीला सांगू का? काय सांगू? की मी बघितले ते खडे त्यांचे नव्हते. मग त्यांचे कसे होते, असं ती विचारेल. फोटो पुन्हा उतरेल.

न सांगू तर मी तिच्याशी जन्मभर खोटं बोलणार. आणि माझ्याशी?

जेवण जात नाही पुन्हा.

२० मार्च

धोंडुबाई दोन दिवस इकडे फिरकल्या नाहीत. बादली मात्र माझ्या ओट्यावर आणून ठेवलीय. रिकामी, घासलेली.

२३ मार्च, रविवार

दुपारी मीच गेले. भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. समोर बसले, मूठभर पुढ्यात घेतले. म्हटलं, "जाऊबाय, खडे तुमच्या विहिरीतले होते."

हात थांबला नाही त्यांचा. "दगडावरून गाव पण कळतं तुला?"

"कळतं."

"मेलं तुझं शिक्षण." दोन-चार वाल सोलले. मग — "माझ्याच तोंडातून गेलेलं. ह्यांना सुयांचं विचारलंस ते कळलं मला, आणि तू अन्न टाकलंस. ढिगावरचे चमकणारे बघून चार उचलले, गोठ्यात माखले. काळे आणून दिले असते तर तू त्याच पाण्यात गेली असतीस."

"व्हय."

"सुरभीला बोलू नको."

"नाही."

त्यांनी सोलणं थांबवलं. माझ्याकडे बघत राहिल्या, हातात वाल तसाच. भावोजींनी त्यांना सगळं सांगितलेलं असणार. खरे खडे कसे होते, मी विचारीन म्हणून त्या थांबल्या होत्या. विचारलं असतं तर सांगितलंही असतं.

मी खाली बघून सोलत राहिले.